न मागितलेलं तारण

तोरणमाळ,
६ मार्च

सोनमताईस ललितचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. सोळाही दिवस ते माझ्या खिशात होतं आणि सोळाही दिवस मी आज लिहू, आज लिहू करत होतो. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. पेन मिळालं तर जामसिंगने मोहाची फुलं वेचायला नेलं. (जामसिंग म्हणजे मी ज्याच्याकडे राहतो तो. तळ्याजवळ त्याची भज्यांची टपरी आहे. मी तळतो आणि तो माझ्या भज्यांना हसतो.) मग होळी आली. इथे होळीला चार दिवस माणूस जागेवर नसतो, तुला काय सांगायचं. मग सुरतेची एक गाडी घाटात गरम होऊन बसली, तिला ढकलायला गेलो तर त्या लोकांनी सोबत फिरवलं, सीताखाईची दरी दाखव म्हणे. असं काही ना काही. खोटं कशाला बोलू, टाळतच होतो.

तू लिहिलंस, फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस, म्हणून कागदावर लिही. फोन इथे तसाही लागत नाही, एका कड्याच्या टोकाला जाऊन हात वर केला तर लागतो. आणि मागितलंस काय, तर एकच ओळ, खाली सही: त्या अकरा कोंबड्या तुमच्या पाड्यात कोणी आणल्या.

ताई, मला त्या कोंबड्यांचं नावही नको. इथे टपरीवर कोणी ऑम्लेट मागितलं की मी मागे जाऊन उभा राहतो, जामसिंग करतो. माझ्या गावात, ब्राह्मणपुरीत, घरात अंडं शिवत नाहीत आणि मी एक वर्ष पोल्ट्रीवर काढलं, तुझ्या वडिलांच्या हाताखाली. ईश्वरकाका नसते तर पहिल्याच आठवड्यात पळालो असतो. वास कसा सोसायचा ते त्यांनी शिकवलं, नाकाने घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा. जेवायला बसलो की स्वतःच्या डब्यातलं आधी मला वाढायचे.

आणि मग जानेवारीत रोग आला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, जेसीबीने खणलेला खड्डा, चुन्याच्या गोण्या. शेडच्या शेड. आजारी, धडधाकट, काही बघायचं नाही. मान पिरगाळली की एक बारीक आवाज येतो, ओली काटकी मोडल्यासारखा. हजारदा ऐकला की तो कानात राहत नाही, दातात राहतो. कशासाठी तर बाकीच्या जगाव्यात म्हणून. मला तेव्हा तुमचं प्रार्थनाघर आठवलं, हे तुला आवडणार नाही, पण आठवलं.

मागच्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, काकांनी मला नेलं होतं ना? पाळकसाहेब तीन तास वधस्तंभावर बोलले. खिळे कुठे मारले, किती मारले, फटक्यांनी पाठीचं काय झालं. पुढे लहान पोरं मांडी घालून बसलेली. शेवटी म्हणाले, हे सगळं तुझ्यासाठी. आणि काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ताई, मला शिसारी आली. एक बाप आहे, त्याचा एकुलता मुलगा आहे. पाप केलं भलत्यांनीच आणि खिळे याला. बाप वर बसून बघतोय, म्हणे आता माझा राग गेला. हा कसला बाप? आमचा बाप, गिरधर पाटील, मला चपलेने मारायचा, पण निदान माझ्याच कारनाम्यांसाठी, शेजारच्याच्या नाही.

कोंबड्यांचं मला काही माहीत नाही गं. फार्मवर साठ माणसं होती. काकांनाच विचार.

काकांचा गुडघा कसा आहे?

ललित


नवापूर,
१४ मार्च

ललित,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानं आहेत, मागितलेली ओळ नाही.

फार्मवर साठ माणसं होती, खरं. त्यातली आमच्या परसात विचारल्याशिवाय येणारी किती होती ते तूच मोज.

तुला सगळं माहीत असेल, तरी लिहिते, म्हणजे नंतर माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. त्या दिवशी बाजार होता. आम्ही सगळे गेलो होतो, मी शाळेतून परस्पर. परत आलो तर बाबांच्या खुराड्यात अकरा कोंबड्या. पांढऱ्या, चोच कापलेल्या. आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं की चोच कापलेली म्हणजे फार्मची. त्यांना धड चालताही येत नव्हतं, जमीन बघितलीच नव्हती कधी. बाबांनी कुणी आणल्या सांगितलं नाही. दोन दिवसांत त्या डुलत डुलत बाहेर निघाल्या, शेजारच्या तापीबाईच्या कोंबड्यांत मिसळल्या. पाचव्या दिवशी तापीबाईच्या कोंबड्यांचे तुरे निळे पडले.

आमचा पाडा फार्मपासून चौदा किलोमीटर. सरकारने फार्मभोवती जे वर्तुळ आखलं होतं त्याच्या कितीतरी बाहेर. मग आमच्याभोवती नवं वर्तुळ आखलं. तीन पाड्यांतला पंख असलेला एक जीव ठेवला नाही. हातपंपाजवळ सगळ्यांना उभं करून साहेबांनी विचारलं, या पांढऱ्या कोंबड्या कोणी आणल्या? बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "मी."

फार्मवाल्यांनी त्यांना काढलं. १३ एप्रिलला तालुक्याच्या ऑफिसात जबाब आहे. त्यावर बाबांची सही झाली की गुन्हा दाखल होणार. पण मला त्याहून जास्त टोचतं ते दुसरंच. अर्धा पाडा आमच्यासारखा विश्वासी आहे, अर्धा जुन्या देवांचा. आजवर कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं. यंदा होळीला देवाला द्यायला अख्ख्या पाड्यात एक कोंबडा नव्हता. तापीबाई आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाली, "विश्वासी झाला ते झाला, ईश्वर. आमच्या देवाच्या तोंडचं कशाला काढलं?" त्यांना वाटतं बाबांनी मुद्दाम केलं. तापीबाईने मला लहानपणी अंगावर पाजलंय. ती आता आमच्याकडे बघत नाही.

बाबांना घरात विचारलं तर म्हणतात, "झालं ते झालं, पोरी."

आता तुझ्या शिसारीबद्दल. ती आली हे वाचून मला बरं वाटलं. खिळ्यांचं ऐकून ज्याला काहीच होत नाही त्याच्याशी मी काय बोलू? पण तू बघतोस चुकीच्या जागी. तू वर बघतोस, बाप कुठे बसलाय ते शोधतोस. आमचा विश्वास असा आहे की तो वर नव्हताच. तो त्या लाकडावर होता. देवाला रक्त नको होतं रे. रक्त खाली जमलेल्यांना हवं होतं. कुणीतरी एक मेला की आपण सुटलो, असं माणसांनाच वाटत असतं. तो त्यांच्या हाती लागला, उलट हात उगारला नाही, आणि ज्यांनी ठोकलं त्यांच्यासाठीच माफी मागितली. मला असं शिकवलं, मी असं मानते. सगळं कळलंय असं म्हणत नाही. शाळेतली पोरं विचारतात तेव्हा माझीही गाडी अडकते.

एक ओळ लिही. कोंबड्या कोणी आणल्या.

सोनम


तोरणमाळ,
२४ मार्च

ताई,

बरं. मी.

झालं समाधान? लिहून मला तर काहीच वाटलं नाही. बाहेर एक वानर जामसिंगची मिरच्यांची पिशवी घेऊन झाडावर बसलंय, एकेक चावून फेकतंय, तोंड वाकडं करतंय आणि पुन्हा चावतंय. दहा मिनिटं मी तेच बघत होतो. सोडत का नाही ते? जाऊ दे.

चार नंबरच्या शेडची पाळी उद्यावर होती. दुपारच्या सुट्टीत मी आत गेलो. त्या सगळ्या खात होत्या. इतका आवाज बाहेर चाललाय आणि या खातायत. मी खाद्याच्या गोणीला भोकं पाडली, अकरा मावल्या, गाडीवर टाकल्या आणि निघालो. फाटकावर सगळे जेवत होते. मी कुणी दयाळू आहे म्हणून नाही केलं. मला दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकायचा नव्हता, अकराने कमी ऐकायचा होता. चौदा किलोमीटर म्हणजे वाचल्या असं वाटलं मला. रोग गोणीत बसून येतो हे वर्षभर शिकवलं होतं काकांनी. पाय चुन्यात बुडवल्याशिवाय शेडमध्ये सोडायचे नाहीत ते.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं तर ते राखेसारखे झाले. "काय करी बसना रे तू!" एवढंच. मग म्हणाले, आजच्या आज परत आण आणि साहेबांना सांग. मी म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळी म्हटलं, उद्या. उद्या म्हटलं, गाडीत पेट्रोल नाही. तू मला ओळखतेस. मी नाही म्हणत नाही, मी उद्या म्हणतो. चार दिवस गेले. काकांनीही मला धरून नेलं नाही, तेवढी त्यांची चूक.

पण ताई, मी त्यांना सांगितलं होतं का, माझं नाव घेऊ नका? पाया पडलो होतो? त्यांनी का म्हणावं मी म्हणून? खरं सांगू, तुला राग येईल. मला वाटतं काकांना ते व्हायचंच होतं. इतकी वर्षं ऐकलं, दुसऱ्याचं ओझं उचलणारा. मिळालं एक ओझं, उचललं. तो मोठा झाला आणि ज्याचं उचललं तो जन्मभर किडा. रोज सकाळी उठून मी आभार मानायचे का? कुणी न विचारता माझ्यासाठी मरायचं आणि वर माझ्याकडे प्रेमाने बघायचं, ही जबरदस्ती आहे. तुमच्या देवाची मला जी घाण येते ती हीच. तो मला विचारत नाही.

मी जामसिंगला विचारलं. नावं न घेता, गोष्ट म्हणून सांगितली, की एका देवाने माणसांसाठी स्वतःचाच जीव दिला. तो मोह वाळत घालत होता. म्हणाला, "आमचा देव कोंबडा मागतो. आम्ही देतो. मग शिजवतो, देव पण खातो, आम्ही पण खातो. कोणी रडत नाही."

मी म्हटलं, "आणि देवच कोंबडा झाला तर?"

त्याने हातातली फुलं पसरली. मग म्हणाला, "मग आम्ही काय, बसून खायचं त्याला?"

मी म्हटलं, ते खातात. भाकर आणि द्राक्षाचा रस, त्याचं अंग आणि रक्त म्हणून.

जामसिंग म्हणाला, "मग बरोबर आहे की. तू का तोंड वाकडं करतो? तुला जेवायला बोलवलं नाही का?"

असा माणूस आहे. त्याच्याशी भांडता येत नाही.

तुझी ओळ तुला मिळाली. पण हे ऑफिसात दाखवू नकोस, हे मी तुला लिहिलंय. सहीचा कागद वेगळा लिहितो. पुढच्या आठवड्यात शहाद्याला बाजाराला उतरणार आहे, तेव्हा चांगला कागद आणतो.

ललित


नवापूर,
३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

ललित,

चांगला कागद! तुझी मला कीव येत नाही, किळस येते. आजच्या दिवशी असं लिहू नये, पण लिहिते.

पत्र ऑफिसात दाखवलं नाही. बाबांना वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, किडा म्हणालास तेही. ते ओसरीत बसून ऐकत होते. आई म्हणाली, पुरे कर. मी केलं नाही.

आज प्रार्थनाघरात पाळकसाहेबांनी बाबांचं नाव न घेता बाबांचीच गोष्ट सांगितली. आपल्यातच एक जण आहे, ज्याने दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेतला, वगैरे. म्हणजे सगळ्या विश्वासी लोकांना माहीत आहे की बाबांनी केलं नाही! बायका रडल्या. डोळे पुसून, सरबत पिऊन घरी गेल्या. एकीलाही वाटलं नाही की तापीबाईकडे जाऊन सांगावं. गोष्ट सुंदर आहे ना, मग ती तशीच राहू दे, खरं कशाला सांगा.

घरी येऊन मी बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. म्हटलं, बाबा, प्रभू खोटं बोलला नव्हता. त्याने म्हटलं नव्हतं की चोरी मी केली, खून मी केला. लोकांनी त्याच्यावर घातलं, त्याने सोसलं. तुम्ही खोटं बोललात. तो वधस्तंभ नाही, ती खोटी साक्ष आहे. आणि तुम्ही उचललंत तेव्हा दुसरं टोक आमच्या खांद्यावर आलं. आई हंडा घेऊन गेली की पंपावरच्या बायका उठून जातात, तुम्ही बघता ना?

बाबा म्हणाले, "त्या पोराने बोलायला तोंड उघडलं होतं गं. थरथरत होतं. मला वाटलं, मोडेल."

"कोणतं पोर?" मी विचारलं. "ललित तिथे कुठे होता?" ते गुडघा चोळत राहिले.

मग मी जे बोलले ते तुलाही लिहिते. प्रभूने माणसाचं ओझं घेतलं, माणसाचं तोंड नाही घेतलं. त्याला पकडलं तेव्हा त्याला ओळखत नाही म्हणणारा त्याचा स्वतःचा शिष्य होता. त्याच्याऐवजी प्रभू रडला नाही. त्याचं रडणं त्यालाच रडावं लागलं, म्हणून तो पुन्हा माणसांत आला. बाबांनी तुझ्या वाट्याचं बोलणं बोलून टाकलं. आता तू तिथे वर भजी तळत म्हातारा होशील आणि तुला कायम वाटेल की कुणीतरी तुझ्यावर जबरदस्ती केली. त्यात तू थोडा खरा आहेस, आणि तेच मला सहन होत नाही.

अजून एक गोष्ट आहे, कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी मारायला आलेल्यांत एक जण होता. आमच्या घरच्या कोंबड्या त्याच्याकडे आल्या. त्याला नीट जमत नव्हतं, एकेकीला दोन दोनदा पिरगाळत होता. आईने त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. माझी आई! त्याने घेतला नाही, मास्क काढायचा नव्हता त्याला. बाबा "मी" म्हणाले तेव्हा तो आमची कोंबडी पायांना धरून उलटी घेऊन उभा होता. एक माणूस स्वतःचं आयुष्य मातीत घालतोय आणि हा बघत उभा. मग त्याने खाली बघून तिची मान मोडली. मला तुझ्याहून त्या माणसाची जास्त घृणा आहे. खिळे मारणारे कसे असतील याचा विचार आला की मला तोच दिसतो.

१३ तारखेला सकाळी अकरा वाजता. यायचं असेल तर ये. नसेल तर यापुढे लिहू नकोस.

सोनम


तोरणमाळ,
९ एप्रिल

ताई,

तो मी होतो.

पांढऱ्या कपड्यातला. त्यांना माणसं कमी पडत होती, फार्मवर पकडायची सवय असलेले आम्ही सहा जण त्यांनी घेतले. गाडी कुठे चाललीय ते मला अर्ध्या वाटेत कळलं. उतरता आलं असतं. नाही उतरलो.

तुझ्या आईने तांब्या धरला तेव्हा मला त्यांच्या हातातल्या बांगड्या ओळखू आल्या. घसा असा कोरडा पडला होता की जीभ टाळूला चिकटलेली. मास्क काढला असता तर त्या म्हणाल्या असत्या, "अरे ललित, तू!" आणि सगळ्यांच्या देखत मला पाणी पाजलं असतं. ते मला नको होतं.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरंच तोंड उघडलं होतं. मास्कच्या आत. काका समोरच होते. गॉगलमध्ये घाम साचलेला, त्यातून मला ते हलताना दिसत होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग वळून म्हणाले, मी. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. पोटातून सगळं सैल झालं, आंघोळ केल्यासारखं. वीस मोजेपर्यंत मला इतकं बरं वाटलं जेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि माझ्या हातात तुमची ती लाल, उघड्या मानेची कोंबडी जिवंत होती आणि माझं बोट धरून चोच मारत होती. मग मी तिला मारलं, कारण काहीतरी करायला पाहिजे होतं.

ते बरं वाटणं मला आठवतं तेव्हा ओकारी येते. मी तुला देवाबद्दल जे काय लिहिलं, जबरदस्ती आणि किडा आणि सगळं, ते मी जामसिंगसमोर बोलून बोलून तयार केलेलं होतं. मला विचारलं नाही, ही तक्रार खोटी आहे. डोळ्यांनी विचारलं होतं त्यांनी. मी मान हलवली नाही.

तुमचं ते मला अजून पटलेलं नाही. रक्ताने काही धुतलं जातं हे मला कळत नाही. मी त्या निळ्या औषधाने तीन दिवस हात धूत होतो, साली निघाल्या. पण ठोकणाऱ्यांसाठी माफी मागितली असं तू लिहिलंस ना, त्याच्यावर माझं काल दिवसभर अडलं. भजी दोनदा करपली. त्या ठोकणाऱ्यांतला एखादा नंतर घरी जाऊन जेवला असेल, आणि त्याला माहीतही नसेल की आपल्यासाठी कुणी माफी मागून ठेवलीय. मला माहीत आहे. म्हणजे मी त्याच्याहून वाईट की बरा, ते तू सांग, तू मास्तरीण आहेस.

खालचं ऑफिसात दे. शाळेत शिकवलं तसं लिहितो.

"मी, ललित गिरधर पाटील, वय तेवीस, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, लिहून देतो की रोग आलेल्या फार्ममधून अकरा कोंबड्या मी स्वतः गोणीत भरून नेल्या आणि ईश्वर यांच्या घरी कोणी नसताना त्यांच्या खुराड्यात सोडल्या. ईश्वर यांनी त्या परत न्यायला मला चार दिवस सांगितले. मी नेल्या नाहीत. तीन पाड्यांतल्या कोंबड्या माझ्यामुळे मेल्या, त्यातल्या काही माझ्या हाताने. ईश्वर यांनी दिलेली कबुली खोटी आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही."

सही केलीय. जुन्या वहीचंच पान आहे. १३ तारखेला मी येणार आहे, पण माझ्या येण्यावर भरवसा ठेवू नकोस, म्हणून कागद आधी पाठवतो. तापीबाईकडे मी स्वतः जाईन. तिथे काय बोलायचं ते मला माहीत नाही. तिच्या देवाचीही माफी मागावी लागेल, त्याला कोंबडा कुठून देऊ?

थांब जरा, दुपारची गाडी आली, कंडक्टरकडे हे द्यायचंय. पाकीट शोधतो.

ताई, पाकीट राहू दे. जामसिंग ओरडत आलाय, हे मी उभ्याउभ्या लिहितोय. म्हणाला, "तुझ्यासाठी कोण म्हातारा उतरलाय. गुडघा धरून दगडावर बसलाय. पाणी दिलं तर म्हणतो, आधी ललितला बोलव."

मी टपरीच्या फटीतून बघितलं. ईश्वरकाका आहेत. नवापूर ते इथे, चार गाड्या बदलून, त्या गुडघ्याने. तू पाठवलंस का? नाही, तू पाठवलं असतंस तर लिहिलं असतंस.

जामसिंग अजून माझ्याकडेच बघतोय. विचारतोय, "माफी मागायला आलोय म्हणतो तो तुझी. काय केलं रे त्यानं तुझं?"